मीच माझी शेजारीण

माझ्या नवऱ्याने आमच्या अख्ख्या संसारात माझ्याबद्दल एकदाच मोकळेपणाने मत दिलं, आणि ते जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांनी वाचलं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझा शिवण क्लास सांगावा लागेल. नांदुऱ्यात स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत क्लास. तिथे मशिनी कमी चालतात, तोंडं जास्त. बाई माप द्यायला उभी राहिली, हात वर केले, की तिला पळता येत नाही. तेवढ्यात मी छाती, कंबर, सासू, जाऊ असं सगळं एका दमात काढून घेते. (याला काही लोक भोचकपणा म्हणतात. मी ओळख वाढवणं म्हणते.) याच पायी शेजारच्या इंगळेबाईंशी माझं बोलणं बंद आहे. त्यांच्या सुनेच्या ब्लाउजचं माप मी चारचौघींत सांगितलं, एवढंच. वाढलं होतं म्हणून सांगितलं, कमी झालं असतं तरी सांगितलंच असतं.

तर माझ्या हाताखाली रूपाली शिकवते, तिनेच एक दिवस माझा फोन घेऊन मला त्या ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचं नाव 'आधी चौकशी'. फक्त बायकांचा. लग्नाच्या मुली, त्यांच्या आया, मावश्या, आत्या. ॲपवर एखाद्या मुलाशी बोलणं सुरू झालं, भेटीगाठी व्हायला लागल्या, की त्याचा फोटो तिथे टाकायचा आणि विचारायचं, हा कसा आहे हो? नियम कडक होते. मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त गाव आणि नोकरी. चेहऱ्यावर पिवळा हसरा गोळा चिकटवायचा. स्वतः पाहिलं असेल तर 'पाहिलेलं' लिहायचं, कोणाकडून कळलं असेल तर 'ऐकीव'. मुलाच्या घरच्या बायकांनी गप्प बसायचं. आणि इथलं बाहेर न्यायचं नाही.

मला तर खजिनाच सापडला. क्लासात जे फुकट वाया जात होतं त्याला आता मागणी आली. मी 'गुलमोहर' असं नाव घेतलं आणि कामाला लागले. त्या ग्रुपने भलंही केलं, खोटं कशाला बोलू. एका मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता, तिच्या मावशीने मुलाचा फोटो टाकला, तर खाली एका बाईने लिहिलं, 'पाहिलेलं. मी याच्याच घरात राहते, बायको म्हणून.' त्या दिवशी क्लासात मी सगळ्यांना चहा पाजला.

आमच्या ह्यांना मात्र हे पटत नव्हतं. हे रेल्वेतून निवृत्त झाले. दिवसभर पेपर वाचतात, बोलतात कमी. त्या दिवशी पेपरच्या मागून म्हणाले, "अन् त्या पोराले माहीत राह्यते का, आपल्यावर पंचायत बसली म्हणून?"

"त्याले काहाले माहीत पाह्यजे?"

"चोरालेबी कोर्टात वकील भेटते वं."

"पहिलेचे लोक गावात जाऊन पानठेल्यावर विचारतच होते ना? तशीच ही चौकशी."

"पानठेलेवाल्याचं तोंड दिसत होतं," हे म्हणाले. "खोटं बोलला तं दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता येत होतं. तुह्या त्या गुलमोहराले कुठं शोधाचं?"

मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. कारण मी खोटं लिहितच नव्हते. बीबी गावच्या एका मुलाचंच घ्या. मी लोणारला चालले होते, बस बीबीच्या स्टँडवर थांबली होती. खिडकीतून पाहिलं तर एक मुलगा भर दुपारी, भर रस्त्यात, झोकांड्या खात चाललेला. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "हा मेडिकलवाला आहे, चांगल्या घरचा." आठवडाभरात तोच मुलगा ग्रुपवर, गाव बीबी, स्वतःचं मेडिकल. मी लिहिलं, 'पाहिलेलं. भर दुपारी झोकांड्या.' बास. एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. मुलीकडच्यांनी आभार मानले आणि नाद सोडला.

आता आमच्या निखिलकडे येते. निखिल आमचा एकुलता एक, पुण्यात कंपनीत आहे. त्याचं ॲपवर एका मुलीशी बोलणं सुरू झालं होतं. श्वेता तिचं नाव, अमडापूरची, चिखलीला कॉलेजात शिकवते. दोघं दोनदा भेटलीसुद्धा. आणि पोरगा असा बदलला की विचारू नका. आधी फोनवर 'हाव', 'नाही', 'ठेवतो' एवढंच बोलायचा. आता स्वतःहून फोन करून मला विचारतो, "आई, जेवली का?" मी ह्यांना म्हटलं, याला नक्की काहीतरी झालंय. शेवटी त्यानेच सांगितलं. येत्या रविवारी तिच्या घरचे आपल्याकडे येणार आहेत म्हणाला, घर पाहायला, बोलायला.

"पण आई, एक ऐक," तो म्हणाला. "मले ही पोरगी खरंच आवडली. या वेळी तू मधात पडू नको."

"मी कधी मधात पडली?"

"मागच्या वेळी तू पहिल्याच फोनवर त्या मुलीले रक्तगट विचारला होता."

विचारला होता. काळजीनेच विचारला होता. पण त्याचा आवाज ऐकून मी वचन दिलं. म्हटलं, मधात काय, मी कडेलासुद्धा येणार नाही. आणि मनातून मला इतका आनंद झाला होता की मी त्याच दिवशी पडदे धुवायला काढले.

वचन बुधवारपर्यंत टिकलं.

बुधवारी दुपारी क्लास सुटला, मी फोन उघडला, आणि ग्रुपवर एक शर्ट दिसला. निळ्या चौकटीचा. चेहऱ्याच्या जागी तो पिवळा हसरा गोळा होता, पण मला चेहऱ्याची गरजच नव्हती. त्या शर्टाचा खिसा तिरप्या चौकटीचा होता. कापड कमी पडलं म्हणून तो खिसा मी तिरपा कापला होता आणि घरात सगळ्यांना सांगितलं होतं की सध्या अशीच फॅशन आहे. जगात असा शर्ट एकच. खाली लिहिलं होतं, 'गाव नांदुरा, नोकरी पुण्यात. वडील रेल्वेतून निवृत्त, आई शिवण क्लास घेते. रविवारी बोलणीला जायचं आहे. घर कसं आहे?' विचारणारी होती 'अनामिक सदस्य'.

माझे हातपाय गार पडले. आणि लगेच गरमही झाले, कारण खाली उत्तरं यायला लागली होती.

'पाहिलेलं. मुलगा शांत, निर्व्यसनी.' छान. 'पाहिलेलं. वडील देवमाणूस.' ठीक आहे. 'मुलगा हिरा आहे, पण आईची माहिती काढा.' हं? 'ऐकीव. आईच्या पोटात काही राहत नाही.' 'पाहिलेलं. माप घेता घेता घरातलं सगळं काढून घेते.' 'पाहिलेलं. माझ्या नणदेची सोडचिठ्ठी मला क्लासात समजली, नणदेला समजायच्या आधी.'

मी खाली खाली वाचत गेले. 'हाव', 'खरं आहे', 'मीही ऐकलं', बायका एकीच्या मागे एक येतच होत्या. यातल्या किती जणींचे ब्लाउज मी सणाच्या आदल्या दिवशी रात्रभर जागून दिले असतील! आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला बोलता येत नव्हतं. नियम होता, मुलाकडच्या बायकांनी गप्प बसायचं. मला हा नियम फार चांगला वाटायचा, बुधवारपर्यंत.

हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अहो, आपल्या निखिलचं मोडते आता. माह्यापायी मोडते."

"तू काहीच करू नको," हे म्हणाले. "रविवारी लोक येतीन, डोळ्यानं पाहातीन."

"अन् नाही आले तं?"

यावर ह्यांनी पेपरचं पान उलटलं. मग मी काय करणार? 'गुलमोहर' काही निखिलची आई नव्हती. गुलमोहर ग्रुपची जुनी, मान असलेली सदस्य होती. मी लिहिलं, 'पाहिलेलं. मी त्यांची शेजारीण आहे. आई अतिशय मायाळू. सूनबाईंना लेकीसारखं ठेवतील.'

मिनिटभरात कोणीतरी विचारलं, 'कोणत्या बाजूच्या शेजारीण? एका बाजूला तर गोडाऊन आहे आणि दुसरीकडे इंगळेबाई. इंगळेबाई असं लिहिणार नाहीत.'

मी लिहिलं, 'समोरची.' (समोर पाण्याची टाकी आहे. पण तेवढं कोणाच्या लक्षात आलं नाही.)

मग त्या अनामिक बाईचा मेसेज आला. फार गोड भाषा. 'ताई, तुम्ही रोज पाहता म्हणून विचारते. नुसतं चांगलं चांगलं लिहिलं तर मनाला पटत नाही. त्या बाईंचे एखाद-दोन दुर्गुण असतील तर तेही सांगा. आपल्याही लेकीबाळी आहेत.'

बरोबरच होतं तिचं. मी स्वतः चौकशी करताना हेच विचारते. एखादा बारीकसा दुर्गुण टाकला की बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. पण मी बसून विचार करते करते, तरी मला माझा एकही दुर्गुण सापडेना. तुम्हाला हसू येईल, पण खरंच सापडेना. आणि इतकं टाइप करायचं कोण? माझा चष्मा क्लासात मशीनवर राहिला होता, इथवर मी डोळे ताणून ताणून भागवलं होतं. म्हणून मी फोनवरचं ते माइकचं बटण दाबलं, ज्यात आपण बोलतो आणि तो लिहितो, आणि मग आठवलं, की घरात एक माणूस आहे ज्याला विचारता येईल.

"अहो, ऐकलं का? मी शेजारीण म्हणून लिहून राह्यली तिथं. माहा एखादा दुर्गुण सांगा बरं, बारीकसा."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. चष्मा काढून त्या घडीवर ठेवला. लग्नापासून आजपर्यंत मी ह्यांना एवढं तयारीनिशी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"दुर्गुण? तुह्ये?"

"हाव."

"एक तं तू दुसऱ्याचा फोन चालू असला की दाराआड उभी राहून ऐकते. पाहुणा आला की पहिले पगार विचारते, मंग पाणी देते. पोरगा पुण्याहून आला की त्याच्या बॅगमधले कपडे हुंगून पाह्यते. भांडण झालं की भांडे आपटते, अन् आपटाचे भांडे वेगळे ठेवले, चेंबलेले, चांगले नाही आपटत. इंगळेबाईच्या सुनेचं माप तुले सांगाची काही गरज नव्हती. अन् मले बोलू देत नाही. आता पहिल्यांदाच बोलून राह्यलो तं मले स्वतःलेच नवल वाटून राह्यलं."

"बारीकसा म्हटला होता मी."

"हे बारीकच आहेत. पण एक सांगतो, सुनेले तरास नाही देणार तू. तुले तो येतच नाही. तुहा राग वरण शिजेपर्यंत राह्यते. मंग तूच रडते अन् समोरच्याच्या ताटात एक बट्टी जास्तीची टाकते. मी एवढे वर्ष त्या बट्टीवरच काढले. आणखी सांगू?"

"नका," मी म्हटलं. मला एकीकडे राग आला होता आणि दुसरीकडे ती जास्तीची बट्टी गोड लागली होती, तेव्हा नीट सुचेना. मी फोन तोंडाजवळ आणला आणि स्वच्छ, पुस्तकी आवाजात म्हटलं, "दुर्गुण असा काहीच नाही, फार मायाळू बाई आहे." आणि पाठवायचा बाण दाबला.

तो बाण दाबल्यावर मी वरण शिजायला लावलं. माझा राग खरंच तेवढ्यातच गेला.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत रूपाली धापा टाकत आली. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काकू, तुम्ही काय टाकलं ते ग्रुपवर?"

"चांगलं टाकलं. शेजारीण म्हणून."

"काकू, त्याच्यात काकाबी आहेत!"

तिने तिचा फोन माझ्यापुढे धरला, मी मशीनवरून चष्मा आणला आणि वाचलं. त्या माइकने सगळं लिहिलं होतं. 'अहो ऐकलं का' पासून 'फार मायाळू बाई आहे' पर्यंत, एका दमात, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. शेजारीण म्हणून लिहून राह्यली, माहा दुर्गुण सांगा, दाराआड, पगार, हुंगणं, भांडी, इंगळेबाईची सून, सगळं एकाखाली एक. आणि खाली बायका हसून हसून लोळत होत्या. हसण्याचे ते पिवळे गोळे स्क्रीनवर मावत नव्हते.

"डिलीट करा, काकू, लवकर!"

मी माझा फोन उघडला. ग्रुपच दिसेना. शोधला, फोन उलटा-सुलटा केला, ह्यांना धरायला दिला. रूपालीने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, ॲडमिननं तुम्हाले काढून टाकलं. नियम मोडला म्हणून."

म्हणजे मला काढलं, आणि माझं लिहिलेलं तसंच ठेवलं. घरातून माणसाला हाकलावं आणि त्याचा फोटो भिंतीवर राहू द्यावा तसं झालं. मी रूपालीच्या फोनवर नुसती पाहत बसले. एक बाई लिहीत होती, 'काका एकदम खरं बोलले.' दुसरी म्हणत होती, 'या काकांना ग्रुपमध्ये घ्या, माझ्या भाचीसाठी एक स्थळ विचारायचं आहे.' तिसरी म्हणाली, 'पुरुष चालत नाहीत, पण काकांपुरता नियम बदला.' ह्यांनी तो मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले, "एक राह्यलंच याच्यात. तू कुकरची शिट्टी मोजत नाही, मले मोजाले लावते."

संध्याकाळपर्यंत त्याचे फोटो निघून खामगावच्या माझ्या वहिनीपर्यंत पोचले. (इथलं बाहेर न्यायचं नाही, हाही नियमच होता.) वहिनीने फोन करून विचारलं, "ताई, आपटायची भांडी दाखवता का?"

आणि मग निखिलचा फोन आला. मी उचलला.

"बोल बाप्पा," मी म्हटलं.

"आई, मी तुले एकच गोष्ट सांगितली होती."

"अरे, ते लोक माह्याबद्दल काहीही लिहून राह्यले होते. तुहं मोडलं असतं..."

"ते काही मोडत नव्हतं, आई. तो फोटो मीच देल्ला होता. श्वेतानं मले विचारलं, ग्रुपवर टाकू का, तुह्या मनाविरुद्ध नाही टाकणार. मी म्हटलं टाक, आपल्याले काय भेव आहे. फक्त आईले सांगू नको म्हटलं."

पोराला कोणाचंच भय वाटत नव्हतं, एक आई सोडून. तो म्हणाला, श्वेता दुपारपासून फोन उचलत नाहीये. आणि ठेवला. 'जेवली का' विचारलं नाही. त्या रात्री आमच्याकडे बट्ट्या कोणी खाल्ल्याच नाहीत.

रविवारी निखिल सकाळच्या गाडीने आला. तोच निळा शर्ट घालून. माझ्याशी मोजकंच बोलला. मी विहारातून वंदना करून आले आणि स्वैपाकाला लागले, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, ठेचा. पाहुणे येतील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, पण हात रिकामे ठेवले असते तर मी रडले असते. निखिल दर थोड्या वेळाने दारात जाऊन रस्त्याकडे पाहायचा. एवढा मोठा पोरगा, पण शाळेच्या निकालाच्या दिवशी जसा उभा राहायचा तसाच उभा होता.

दुपारी एक गाडी येऊन थांबली.

"जय भीम," श्वेताचे वडील दारातून म्हणाले. मागे तिची आई, मग श्वेता, मग एक ठसठशीत मावशी. माझा जीव भांड्यात पडला. आणि सगळ्यात शेवटी गाडी लावून, किल्ली फिरवत एक मुलगा आला, आणि तो जीव परत उडाला. बीबीचा मेडिकलवाला. एकदम सरळ चालत येत होता.

"हा सागर, माहा मुलगा," मावशी म्हणाल्या. "आम्ही बीबीचे. श्वेता माह्या बहिणीची पोरगी."

मी पाणी दिलं. (पहिले पाणी दिलं, पगार कोणालाच विचारला नाही, याची नोंद घ्यावी.) सगळे बसले. ह्यांनी सवयीने पेपर उचलला, मी पाहिलं, ह्यांनी ठेवला. घडलेलं सगळ्यांनाच माहीत आहे तर आपणच बोलून टाकावं म्हणून मी सुरू केलं.

"चुकलं माह्यं, मी कबूल करते," मी म्हटलं. "पण तुम्हीच सांगा, मले त्या ग्रुपमधून असं काढून टाकलं, जसं दुधातली माशी. काय झालं, काऊन झालं, कोणी विचारलं नाही. बोलाची संधी नाही देल्ली. कोण आहे ती ॲडमिन कोणास ठाऊक, भवानी मेली."

"मी आहे काकू," श्वेता म्हणाली.

निखिलने डोळे मिटून घेतले.

"ग्रुप मीच काढला," ती शांतपणे म्हणाली. "स्वतःसाठी विचाराचं म्हणून कोण्या मावशीनं विचारावं तसं टाकलं, अनामिक राहून. पण नियम म्हणजे नियम, काकू. तुम्हाले काढाच लागलं."

आणि तेवढ्यात सागर पाण्याचा गिलास खाली ठेवत म्हणाला, "मलेबी नव्हती भेटली काकू."

"काय?"

"बोलाची संधी. गुलमोहर म्हणजे तुम्हीच ना? त्या दिवशी माह्या चपलेचा आंगठा तुटला होता. खाली डांबर तापलं होतं. एक पाय चपलेवर, एक पाय चटका घेत, असा चाललो होतो मी स्टँडवरून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी परत भांडले असते. तो म्हणाला, त्या मुलीशी त्याचं चार महिने बोलणं चालू होतं. एक दिवस तिने फोन उचलणं बंद केलं. काऊन, ते त्याला फार उशिरा, फिरत फिरत कळलं; नियम म्हणून श्वेतानेही सांगितलं नव्हतं. मी खाली पाहिलं. पाहिलेलं, असं मी लिहिलं होतं. आणि मी पाहिलंच होतं की. फक्त बस थांबली होती तेवढंच पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"सागर, माह्यं चुकलं रे," मी म्हटलं. मग मी उठले, आत गेले आणि ताटं वाढली. सगळ्यांना दोन दोन बट्ट्या. सागरच्या ताटात तीन.

मावशींनी त्याच्या ताटाकडे पाहिलं. मग आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आणि त्यांना असं हसू फुटलं की हातातला घास ताटात पडला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही खरंच लिहिलं होतं."

"मी नाही लिहिलं," हे म्हणाले. "मी बोललो होतो."

मग सगळेच हसले, निखिलसुद्धा. श्वेता म्हणाली, बुधवारपासून फोन उचलला नाही कारण घरात त्याच पोस्टवर बैठक बसली होती. तिच्या आईचं म्हणणं होतं, असं घर नको. मावशी म्हणाल्या, माझ्या पोराचं स्थळ जिने मोडलं तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. "मंग मी म्हटलं," श्वेता म्हणाली, "त्या अख्ख्या ग्रुपात एकच मत असं आहे, जे तोंडावर देल्लेलं आहे. ज्या घरात माणूस बायकोले समोर बसवून एवढं सांगते, अन् त्यालेच संध्याकाळी जेवाले भेटते, ते घर पाहून तं येऊ."

जेवण झाल्यावर तिने फोन काढला आणि आमच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, की बीबीच्या मुलाबद्दलची ती माहिती चुकीची होती, चप्पल तुटली होती, आणि इथून पुढे मुलाला विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो टाकता येणार नाही, त्याचं म्हणणंही सोबत टाकावं लागेल. सागरने ते वाचलं आणि म्हणाला, "चपलेचा आंगठा लिहा ना. नाहीतं लोक म्हणतीन पायाचा तुटला." ते एवढं कशाला, असं त्याची आई म्हणाली, पण श्वेताने तसं लिहिलं.

लग्न ठरलं. निखिल आता परत 'जेवली का' विचारतो. सागरसाठी मी मुली पाहून राह्यले आहे, पण या वेळी स्वतः जाऊन, घरात बसून, मुलीशी बोलून. (बसमधून नाही.)

फक्त माझं एक काम अडलं आहे. ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून मी अर्ज पाठवून ठेवला आहे, आणि होणारी सूनबाई तो मंजूर करत नाही. परवा फोनवर मी तिला म्हटलं, "अवं, आता तं आपण घरच्या झालो."

"म्हणूनच काकू," ती म्हणाली. "आधी तुमची चौकशी करावी लागते."

"कर ना. कोणालेबी विचार."

"तुमच्या शेजारणीले विचारते," ती म्हणाली. "खऱ्यावाल्या."

तेव्हापासून मी इंगळेबाईंकडे रोज वाटीभर भाजी नेऊन देते.